उंच-सखल मुंबई : गिरगाव ते दादर पट्ट्याचा भूगोल, हवामान आणि जनजीवन

गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर हा मुंबई बेटाचा पट्टा दोन बुटक्या डोंगररांगांच्या मध्ये वसला आहे. पश्चिमेला मलबार हिल, खंबाला हिल आणि पुढे वरळीची टेकडी, तर पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी आणि अँटॉप हिल अशी तुटक रांग आहे. दोन्हींचा दगड सह्याद्रीच्याच लाव्हाचा. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती, याचा तो पुरावा आहे. मलबार हिलचा माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास-पंचावन्न मीटर उंच आहे. घाटावरचा माणूस त्याला टेकाड म्हणेल. पण दोन रांगांच्या मधला भाग बशीसारखा खोलगट आहे आणि त्यातील काही जमीन मोठ्या भरतीच्या पाण्याच्याही खाली जाते. तिथे पाच-सहा मीटरची उंची फार मोठी ठरते. या पट्ट्यात कोण कुठे राहिले, काय पिकवले, कोणत्या रोगाने मेले आणि कोणाच्या घरात आज पाणी शिरते, हे बऱ्याच अंशी या उंच-सखलपणाने ठरवले आहे.

मुंबई सात बेटांची होती हे शाळेपासून सांगितले जाते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात नावे. या आकड्याला मात्र गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळाले आहे. ओहोटीच्या वेळी यांतील कित्येक बेटांमध्ये चिखल तुडवत ये-जा करता येई आणि भरतीला तीच बेटे वेगळी होत. पायधुणी आणि उमरखाडी ही ठिकाणे त्या ओसरत्या पाण्याची आठवण ठेवून आहेत. सात तुकडे समुद्रात कायमचे विखुरले होते असे चित्र डोळ्यांपुढे न आणता दिवसातून दोनदा आकार बदलणारा एक दलदलीचा प्रदेश डोळ्यांपुढे आणावा. सर्वांत मोठे खिंडार महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये होते. तिथून आत घुसलेले पाणी ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळपर्यंतच्या सखल जमिनीवर पसरत असे.

पश्चिम किनारा वाळूचा आणि पूर्व किनारा चिखलाचा, हा या बेटाचा दुसरा मोठा भेद. पश्चिमेला अरबी समुद्राच्या लाटा थेट आदळतात. पूर्वेला मुंबई बंदराचे शांत पाणी, गाळ आणि तिवरे आहेत. १८८० साली खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम करताना जमिनीखाली खैराच्या झाडांचे बुंधे उभ्या स्थितीत सापडले. पूर्वेकडची जमीन कधीकाळी खचली असली पाहिजे, असे त्यावरून मानले गेले. या चिखलाच्या, खोल पाण्याच्या बाजूला पुढे गोद्या आल्या. वाळूच्या बाजूला चौपाट्या राहिल्या. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेही याच गाळामुळे.

मूळ वस्तीची वाटणी या जमिनींप्रमाणेच झाली होती. कोळी पाण्याच्या काठाला राहिले. वरळी, माहीम, माझगाव, कुलाबा इथले कोळीवाडे खडकाच्या आडोशाने किंवा खाडीच्या तोंडाशी आहेत, कारण होड्या पावसाळ्यात ओढून ठेवायला तशीच जागा लागते. पश्चिमेच्या वाळूमिश्र जमिनीत नारळ आणि ताड उत्तम येत. गिरगावपासून प्रभादेवी, दादर, माहीमपर्यंत माडांची सलग राई होती आणि ताडी काढणारे भंडारी, बागाईत करणारे पाचकळशी या राईत राहत. मधल्या सखल भागात भाताची खाचरे होती. पूर्वेला वडाळ्याच्या बाजूला मिठागरे आणि त्यांवर राबणारे आगरी. पाठारे प्रभूंची घरे आणि कोकणी-पोर्तुगीज वळणाची ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरे गिरगाव-ठाकूरद्वारच्या वाड्यांत होती. खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांची, पुढे ओटा असलेली घरे त्या वस्तीचा उरलेला अवशेष होत. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही गिरगावातील नावे आज दुकानांच्या पाट्यांवर आणि टपालाच्या पत्त्यात आहेत, पण ती मूळची बागाईतीचीच. गिरगावातील वाडी ही रचनासुद्धा माडाच्या वाडीच्या कुंपणातून आली. एका मालकाच्या बागेत घरे उठली, आत जाणारी वाट अरुंद राहिली आणि तीच पुढे गल्ली झाली.

महालक्ष्मीचे खिंडार बुजवण्याचे काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात झाले आणि १७८४ च्या सुमारास हॉर्नबी व्हेलार्ड हा बांध पुरा झाला. बांध वारंवार ढासळत होता, समुद्रातून देवींच्या मूर्ती वर काढल्यावरच तो टिकला आणि मग महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले, अशी रामजी शिवजी या प्रभू कंत्राटदाराची कथा सांगितली जाते. तिची ऐतिहासिक खातरी देता येत नाही. तरीही समुद्र अडवण्याचे काम किती बेभरवशाचे वाटत होते, ते तिच्यातून कळते. बांधामुळे शेकडो एकर जमीन पाण्याबाहेर आली, पण उंच झाली नाही. भराव तुकड्यातुकड्यांनी, जशी माती आणि कचरा मिळेल तसा पडत गेला. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, कुलाब्याचा १८३८ साली आणि माहीमचा १८४५ साली. बेट एकसंध झाले. जुन्या खाड्यांचे उतार मात्र जमिनीखाली तसेच राहिले आणि पावसाचे पाणी अजूनही त्यांच्याच वाटेने जाते.

सखल जमीन स्वस्त होती, म्हणून गिरण्या तिथे गेल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, दादर हा सारा पट्टा धुराड्यांनी भरला. रेल्वे जवळ, गोद्या जवळ, आणि तळ्यांना पाणी भरपूर, कारण जमिनीत दोन-चार हात खणले की पाणी लागे. गिरण्यांच्या आवारात थंडाव्यासाठी तळी असत. मुंबईची दमट हवाही या धंद्याला मानवली. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होऊन तुटतो, दमट हवेत तो लवचीक राहतो. हवेचा हा गुण मुंबईच्या यशाचे कारण म्हणून सर्वत्र दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत साच्याखात्यात मुद्दाम वाफ सोडत आणि खिडक्या बंद ठेवत. बाहेर थंडी असताना कामगार आत घामाने निथळत उभा असे आणि कापसाची तूस त्याच्या छातीत जाई. हवामानाचा फायदा धाग्याला झाला, तो धरणाऱ्या हाताला झाला नाही.

हा कामगार मुख्यतः रत्नागिरी, सिंधुदुर्गातला आणि साताऱ्याकडच्या घाटावरचा. कोकणी माणसाच्या येण्याजाण्याला समुद्राचे वेळापत्रक होते. रस्ते वाईट आणि मध्ये खाड्या, म्हणून कोकणात जायला बोट हाच सोयीचा मार्ग. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८६२ साली बांधलेला भाऊचा धक्का ही या वाहतुकीची ओळखीची जागा. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद होत आणि गाव तुटे. लग्नकार्य, घराची शाकारणी आणि शेतीची जुळवाजुळव उन्हाळ्यात उरकावी लागे, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गिरण्यांतील गैरहजेरी वाढत असे. बंदरातल्या जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गिरणगाव आणि अलिबाग परिसरातील घराघरांत तिची आठवण पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गावाचा रस्ता बारमाही झाला. तेव्हा गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपाला सोळा वर्षे उलटली होती.

सखल जमिनीत माणसांची दाटी झाली आणि रोगराई आली. विहिरी मचूळ होत्या, तळी अपुरी होती. उन्हाळ्यातील पाणीटंचाई असह्य झाल्यावर विहार तलाव बांधण्यात आला आणि १८६० साली त्याचे पाणी शहराला मिळू लागले. तानसाचे पाणी १८९२ साली आले. नळ आले तरी गटारे पुरेशी नव्हती, म्हणजे पाणी आणण्याची सोय झाली आणि घालवण्याची राहिली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला आणि दाटीच्या वस्त्यांतून पसरला. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने केलेल्या कामांपैकी एक आजच्या वाटसरूच्या सहसा लक्षात येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम रस्ते आखताना वाहतुकीइतकाच वाऱ्याचाही विचार झाला होता. समुद्रावरून दुपारी सुटणारा पश्चिमेचा वारा गिरगाव, भुलेश्वर, डोंगरीच्या गर्दीत आतपर्यंत शिरावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. त्याच ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा इथे रुंद रस्त्यांची, झाडांची, इमारतींमध्ये अंतर राखलेली वसाहत आखली. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी या प्लेगच्या धसक्यातून जन्माला आल्या. मध्यमवर्गीय मराठी माणसाने गिरगाव सोडून दादरची वाट धरली, तिच्यामागे लोकलची सोय होती तशी मोकळ्या हवेची ओढही होती. समुद्रालगतचे शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले आणि दादरला मैदानाबरोबर वाराही मिळाला.

चाळीची बांधणी या हवेनेच ठरवली. गिरगावातील जुन्या चाळींना लाकडी कठड्यांची लांब गॅलरी, उंच छत, वर मंगलोरी कौले आणि दारासमोर खिडकी असते. खोली दहा बाय बाराची असली तरी वारा आरपार जातो. दमट उकाड्यात राहण्याची ती अक्कल होती. उन्हाळ्यात पुरुष मंडळी आणि मुले गॅलरीत, गच्चीवर किंवा थेट फुटपाथवर पथाऱ्या टाकत. चाळीतल्या शेजारपणाची भावुक वर्णने भरपूर झाली आहेत. त्यांतले निम्मे शेजारपण उकाड्याने दार उघडे ठेवायला लावले म्हणून होते, हे सांगायला हरकत नाही. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधल्या, तेव्हा ही अक्कल विसरली गेली. मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी त्यांची रचना. इमारती भक्कम होत्या, पण आत वारा खेळत नसे. मलबार हिलवरचे बंगले आणि सखलातल्या या चाळी यांच्यामधला फरक पैशाचा होताच. तो वाऱ्याचा आणि निचऱ्याचाही होता.

पावसाळा या पट्ट्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. वर्षाचे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्यमान जवळजवळ सगळे या चार महिन्यांत पडते. म्हणून वर्षाचे उरलेले महिने त्याच्या तयारीत आणि त्याच्या निस्तरणीत जातात. तयारीचा काळ म्हणजे एप्रिल-मे. लालबागच्या मसाला गल्लीत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी मिरच्या घासाघीस करून निवडायच्या, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर भाजून घ्यायचे आणि डंकावर कुटून वर्षाचा मसाला डब्यात भरायचा. एकदा पाऊस लागला की मिरची वाळत नाही आणि मसाल्याला बुरशी धरते, एवढे साधे कारण. खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन घरांत याच दिवसांत बॉटल मसाला कुटून गडद काचेच्या बाटल्यांत भरत. पापड, कुरडया, सांडगे, आमसुले यांचाही हाच हंगाम. धर्म आणि जात वेगळी असली तरी मे महिन्याच्या उन्हाचा उपयोग सगळ्यांनी एकाच पद्धतीने केला.

सुक्या मासळीची बेगमीही तेव्हाच होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कायदा होण्याच्या आधीही खवळलेल्या समुद्रात कोणी जात नसे आणि अंडी घालण्याचा काळ मासळीला मिळे. ताजे पापलेट, सुरमई, हलवा दुर्मीळ किंवा महाग होतात आणि सुके बोंबील, सोडे, जवळा, करंदी लालबाग, दादरच्या बाजारातून स्वयंपाकघरात येतात. पावसाळी जेवणात डाळभाताबरोबर भाजलेला सुका बोंबील असतो, तो या नाइलाजातून आलेला. आता तो लोक हौसेने खातात. श्रावणात अनेक घरांत मांसमासळी वर्ज्य असते. या व्रताला धार्मिक कारणे असतील, पण समुद्राच्या बंद दारांशी त्याचा बऱ्याच अंशी मेळ बसतो. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात आणि परंपरेने हंगाम पुन्हा उघडतो.

गणेशोत्सव हा या पट्ट्याचा सर्वांत मोठा सण भर पावसाळ्यात येतो. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लालबागच्या गणेश गल्लीचे मंडळ १९२८ सालचे. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ साली झाली, ती बाजारासाठी हक्काची जागा मिळावी या कोळी आणि इतर विक्रेत्यांच्या नवसातून. परळ-लालबागच्या मूर्तिशाळा पावसाळ्याआधीपासून ताडपत्रीच्या भव्य मांडवांत उभ्या राहतात. दमट हवेत माती आणि प्लास्टर वाळत नाही, म्हणून पंखे, दिवे, प्रसंगी आगीची ज्योत वापरून मूर्ती सुकवावी लागते आणि रंग त्यानंतर चढतो. विसर्जन अनंत चतुर्दशीचे, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचे. त्या दिवसांत समुद्राला उधाण असते आणि मुंबईत उधाणाची भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. मोठ्या मूर्ती तराफ्यावर घेऊन खोल पाण्यात न्यायच्या तर भरती-ओहोटीचा हिशेब चुकवून चालत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोहोचला, तेव्हा पाणी चढू लागले होते. मूर्ती तराफ्यावर चढवता आली नाही आणि विसर्जन रात्रीपर्यंत लांबले. लाखोंच्या गर्दीपुढे, कॅमेऱ्यांपुढे, चंद्राने आपले वेळापत्रक पाळले.

पावसाळ्याची दुसरी बाजू गळतीची. दक्षिण मुंबईत इमारत दुरुस्तीच्या १९६९ च्या कायद्याखाली १९,६४२ इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, ठरल्या. त्यांतल्या बहुतेक जुन्या, लाकडी तुळयांच्या. पश्चिमेकडून येणारी झड भिंतीत मुरते, तुळईचे टोक कुजते आणि सज्जा खाली येतो. म्हाडा दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. यादीतले रहिवासी संक्रमण शिबिरात जायला कचरतात, कारण तिथून परत येण्याची खातरी नसते. कौलांवर निळी ताडपत्री आणि तिच्यावर विटा ठेवून एक पावसाळा काढणे, हाच मग उपाय उरतो.

साचणाऱ्या पाण्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण हिंदमाता. दादर आणि परळ यांच्यामधला हा चौक बशीच्या तळाशी आहे. चारी बाजूंचे पाणी तिथे येते आणि तिथून समुद्रापर्यंत जाण्याची वाट लांबची आहे. ब्रिटिश काळातल्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही ओहोटी असेल तर. शहरातील बहुतेक पर्जन्यवाहिन्यांची मुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली येतात, त्यामुळे भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की पाणी बाहेर जाण्याऐवजी थांबते. हिंदमाताचे कापडवाले तळमजल्याचा माल वरच्या फळ्यांवर चढवतात. केईएम आणि टाटा रुग्णालयांत निघालेले रुग्ण याच पाण्यातून वाट काढतात. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरियाचे रुग्ण त्याच रुग्णालयांत वाढतात.

२६ जुलै २००५ ची आठवण या संदर्भात नेहमी निघते. पण त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. उपनगरे बुडाली तेव्हा बेटाच्या दक्षिण टोकाला साधा पावसाळी दिवस होता. पंचवीस किलोमीटरच्या आत एवढा फरक पडतो, म्हणून ‘मुंबईत पाऊस’ हे शब्द फारसे काही सांगत नाहीत. मध्य मुंबईचा आपला कठीण दिवस २९ ऑगस्ट २०१७ चा. परळ, प्रभादेवी भागात कमरेएवढे पाणी होते आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर महापालिकेने मॅनहोलखाली जाळ्या बसवायला सुरुवात केली. पर्जन्यजलाच्या निचऱ्याविषयीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सुचवलेली, पाणी उपसून समुद्रात सोडणारी उदंचन केंद्रे हाजी अली, वरळीचे लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि रे रोडजवळचे ब्रिटानिया इथे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. हिंदमाताचे पाणी भरती उतरेपर्यंत थोपवून धरण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधण्यात आल्या. समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी अठराव्या शतकात बांध घातला, आणि एकविसाव्या शतकात त्याच जमिनीखाली तलाव खणावे लागले.

गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत आणि दमट हवेचा प्रश्न वातानुकूलनाने सोडवला जातो. उंच मजल्यांवरून समुद्र दिसतो, पण मागच्या चाळीचा पश्चिमेचा वारा अडतो. पाणी मुरायला गिरण्यांची मोकळी आवारे आणि तळी होती, तीही गेली. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्ग अंशतः खुला झाला. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरचा जोडबोगदा आणि पुढे वरळीपर्यंत नवा भराव असा तो मार्ग आहे. पश्चिम किनाऱ्याची रेषा त्याने पुन्हा एकदा बदलली.

हवामानाचे वेळापत्रकही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. नोंदी असलेल्या काळात तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. कुलाब्याला त्या महिन्याने १९१८ सालचा मे महिन्यातील पावसाचा उच्चांक मोडला. हिंदमाताला पाणी साचले आणि काही दिवसांपूर्वीच सुरू झालेल्या वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. महापालिकेच्या नालेसफाईची मुदत ३१ मे होती.